सकोत्रा : परिचित द्रव्यांचे अपरिचित बेट

औषधिद्रव्याची परीक्षा कशी करावी हे सांगताना चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात एक क्रम दिला आहे. द्रव्याची प्रकृती, गुण व प्रभाव यांबरोबरच ते कोणत्या देशात उत्पन्न झाले, कोणत्या ऋतूत गोळा केले, कसे साठविले व त्यावर कोणते संस्कार झाले, हेही वैद्याने जाणले पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. पदवी परीक्षेच्या वेळी हा क्रम आपण सर्वांनीच पाठ केला होता. प्रत्यक्ष व्यवसायात मात्र 'देश' या शब्दापाशी आपण क्वचितच थांबतो. मला तेथे थांबावयास लावले ते एका चुकीने, आणि ती चूक माझीच होती.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. व्यवसायाचा आरंभकाळ होता. प्रसूतीनंतर बाराव्या दिवशी आलेल्या एका बाळंतिणीस मी चिठ्ठीवर इतर द्रव्यांसमवेत 'बोळ' लिहून दिला. तिसऱ्या दिवशी तिची सासू तक्रार घेऊन आली. सुनेच्या पोटात मुरडा येऊन जुलाब होत होते आणि अंगावर पिणाऱ्या बाळालाही पातळ शौचास होत होती. औषध आणून दाखविले, तेव्हा पुडीत हिराबोळ नसून काळाबोळ होता. औषध थांबविताच दोघांनाही आराम पडला. मी प्रथम दुकानदाराला दोष दिला. त्याने माझीच चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. तीत 'बोळ' एवढेच अक्षर होते. त्याच्या फळीवर दोन डबे होते. एकावर 'बाळंतबोळ' आणि दुसऱ्यावर 'एलिया सकोतरी' असे लिहिलेले होते. त्याने हाताशी आलेला डबा उघडला होता.

हिराबोळ म्हणजे कॉमिफोरा कुलातील वृक्षाचा सुगंधी निर्यास, म्हणजे गुग्गुळाचा आप्त. काळाबोळ अथवा एलिया म्हणजे कोरफडवर्गीय वनस्पतीच्या पानांतील कडू रस आटवून केलेले तीव्र विरेचक द्रव्य. दोघांत साम्य केवळ नावाचे. पण त्या दुसऱ्या डब्यावरील 'सकोतरी' हा शब्द माझ्या मनातून जाईना. तो एका बेटाचा निर्देश आहे हे पुढे वाचनात आले, आणि त्या बेटाचा मागोवा घेताना आपल्या औषधिभांडारातील अनेक नावांचा उलगडा होत गेला. त्या अभ्यासाचा सारांश वाचक वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधविक्रेत्यांपुढे ठेवीत आहे.

बेटाचे स्थान व जीवसृष्टी

नकाशात सोकोट्रा म्हणून दाखविलेले हे बेट अरबी समुद्राच्या पश्चिम टोकास आहे. ते येमेन देशाचा भाग आहे. परंतु अंतराने आफ्रिकेस अधिक जवळ आहे. आफ्रिकेच्या शिंगासारख्या टोकापासून ते सुमारे २४० किलोमीटर, तर अरबस्तानच्या किनाऱ्यापासून सुमारे ३८० किलोमीटर दूर आहे. लांबी सुमारे १३० किलोमीटर. किनाऱ्यावर रुक्ष मैदाने, मध्ये चुनखडीची पठारे आणि त्यावर सुमारे १५०० मीटर उंचीचे हजहर पर्वत अशी त्याची रचना आहे. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे इतके प्रचंड वाहतात की जुन्या काळी बेटाचा समुद्रमार्गच बंद होत असे. जो वारा आपल्या कोकणात पाऊस घेऊन येतो, तोच तेथे प्रथम आदळतो.

कोट्यवधी वर्षांपूर्वी हा भूभाग मुख्य भूमीपासून विलग झाला. ज्वालामुखीच्या उद्रेकाने समुद्रातून वर आलेले हे बेट नव्हे, तर प्राचीन खंडाचा तुटलेला तुकडा आहे. त्यामुळे अन्यत्र नष्ट झालेली अथवा अन्यत्र कधीच निर्माण न झालेली जीवसृष्टी येथे टिकून राहिली. युनेस्कोने २००८ साली या द्वीपसमूहास जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या वेळी नोंदविलेले आकडे बोलके आहेत. ८२५ वनस्पतिजातींपैकी ३७ टक्के, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जातींपैकी ९० टक्के आणि भूचर गोगलगायींपैकी ९५ टक्के जाती जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. उभयचर प्राणी, म्हणजे बेडूक इत्यादी, येथे मुळीच नाहीत. आपल्याकडे दुर्मिळ होत चाललेले पांढरे गिधाड मात्र येथील वस्त्यांतून कोंबड्यांसारखे वावरते. या पक्ष्याची इतकी दाट वस्ती जगात अन्यत्र नाही असे पक्षितज्ज्ञ सांगतात.

एका प्राण्याचा येथे मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. भारतात सर्वत्र आढळणारे जवादी मांजर या बेटावरही आहे. ते मूळचे तेथील नव्हे. त्याच्या गंधद्रव्यासाठी माणसानेच ते तेथे नेले असावे असे मानले जाते. भावप्रकाश निघंटूच्या कर्पूरादि वर्गात गंधमार्जारवीर्याचे वर्णन आहे, हे वाचकांस स्मरत असेलच. मार्को पोलो याने या बेटावर अंबर विपुल मिळत असल्याचे लिहिले आहे. रसशास्त्रातील अग्निजार म्हणजे हाच अंबर, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. सारांश, गंधद्रव्ये व निर्यास यांच्या व्यापारात हे लहानसे बेट मोठे ठाणे होते.

गुहेतील ब्राह्मी अक्षरे

या व्यापारात भारतीयांचा वाटा किती होता, याचे उत्तर पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत केवळ ग्रंथांतून मिळत असे. इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक नौकानयनग्रंथात या बेटाचे नाव डायोस्कोरिडा असे आले आहे. अरब, भारतीय व ग्रीक असे परदेशी व्यापारी तेथे राहतात आणि भारतातून तांदूळ, गहू व कापड तेथे येते, असे त्यात नमूद आहे.

२००१ च्या सुमारास बेल्जियन गुहासंशोधकांना बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरील होक नावाच्या गुहेत आश्चर्यकारक पुरावा मिळाला. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या या गुहेत, सूर्यप्रकाश जेथे पोहोचत नाही अशा भागात, भिंतींवर व खडकांवर जवळजवळ अडीचशे लेख व चित्रे आढळली. त्यांतील बहुसंख्य लेख ब्राह्मी लिपीत आहेत. उरलेले दक्षिण अरबी, इथिओपी, ग्रीक इत्यादी लिप्यांतील आहेत. पाल्मिरा नगरीच्या एका यात्रिकाने ठेवलेली लाकडी पाटीही मिळाली. तिच्यावर इ. स. २५८ शी जुळणारी तिथी आहे. या सर्व लेखांचा अभ्यास इंगो श्ट्राउख यांनी संपादिलेल्या ग्रंथात २०१२ साली प्रसिद्ध झाला.

लिहिणारे बहुतेक पश्चिम भारतातील नाविक व व्यापारी होते. अमुक येथे आला, अमुकाचा पुत्र अमुक, एवढाच बहुतेक लेखांचा मजकूर आहे. काहींनी आपले गाव भरुकच्छ म्हणजे आजचे भडोच असल्याचे लिहिले आहे. हस्तकवप्र म्हणजे भावनगरजवळील हाथब, याचाही उल्लेख आहे. जहाज, स्तूप अशी चित्रेही आहेत. वारा उलटेपर्यंत बेटावर अडकून पडलेली ही माणसे मशाली घेऊन त्या अंधारात शिरली आणि आपले नाव ठेवून गेली.

बेटाचे नावही संस्कृत 'सुखाधार द्वीप' या शब्दांवरून आले असे अनेक ग्रंथांतून सांगितले जाते. हे मत आकर्षक आहे, पण सर्वमान्य नाही. दक्षिण अरबी शिलालेखांत या बेटाचे नाव 'स्क्रद' असे आढळते आणि त्यावरूनही व्युत्पत्ती सांगितली जाते. आपल्या अभिमानास सुखावणारी व्युत्पत्ती निर्णायक म्हणून मांडू नये, एवढे भान असावे.

काळाबोळ : नाव एकाचे, वनस्पती दुसरी

युनानी वैद्यकात एलियाला 'सिब्र' म्हणतात आणि त्याचा उत्तम प्रकार 'सिब्र सकोतरी'. या एलियासाठीच ॲरिस्टॉटलच्या सल्ल्यावरून सिकंदराने बेटावर ग्रीक वसाहत केली, अशी आख्यायिका दहाव्या शतकातील अरब इतिहासकार अल्-मसूदी याने नोंदविली आहे. पोर्तुगीजांनी १५०७ साली बेटावरील किल्ला जिंकला. परंतु सुरक्षित बंदर व पुरेसे धान्य यांच्या अभावी १५११ साली तो सोडून दिला. पुढे गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधिद्रव्यांवरील ग्रंथात एलियास आरंभीच्याच प्रकरणांत स्थान दिले आणि सकोत्र्याचा माल श्रेष्ठ ठरविला. एकोणिसाव्या शतकात हा माल मुंबईच्या बंदरात येऊन तेथून युरोपात जात असे.

इतकी कीर्ती असूनही, ही नेमकी कोणती वनस्पती हे त्या काळच्या वनस्पतिशास्त्रास ठाऊक नव्हते. युरोपीय ग्रंथांत 'ॲलो सक्कोट्रिना' नावाची एक जाती सकोत्र्याची म्हणून शतकाहून अधिक काळ नांदत होती. पुढे ती दक्षिण आफ्रिकेतील केपची मूळ रहिवासी असल्याचे निष्पन्न झाले. केपटाऊनच्या टेबल पर्वतावर तिचे वन्य अस्तित्व विसाव्या शतकाच्या आरंभी निश्चित झाले. सकोत्र्याची खरी वनस्पती निराळीच होती. तिला १८८१ साली बेकर यांनी 'ॲलो पेरी' असे नाव दिले. १८८० साली आयझॅक बेली बाल्फोर यांच्या मोहिमेने बेटाची वनस्पतिसृष्टी प्रथमच शास्त्रशुद्ध रीतीने पाहिली होती. बेटाचे नाव धारण करणारी वनस्पती बेटाची नाही, आणि बेटाची वनस्पती बेटाच्या नावाची नाही, असा हा प्रकार आहे.

तेथील संस्कारही लक्षात घेण्याजोगा आहे. जमिनीत उथळ खळगा करून त्यात शेळीचे कातडे पसरतात. कापलेली पाने कापलेला भाग आत येईल अशी भोवती रचतात. रस आपोआप ओघळतो. पाने पिळीत नाहीत. तो रस अग्नीवर न आटविता उन्हात अनेक आठवडे ठेवून घट्ट करतात. अग्नीवर तीव्र आटविलेला एलिया काचेसारखा चकचकीत व पारदर्शक होतो. मंद आटविलेला अपारदर्शक व यकृताच्या रंगाचा होतो. म्हणजे एकाच वर्गातील द्रव्याचे रूप केवळ संस्कारभेदाने पालटते. 'उपस्कृत' या चरकोक्त पदाचे याहून सुबोध उदाहरण मला आढळले नाही.

आपण रजःप्रवर्तिनी वटीसाठी कन्यासार वापरतो. बाजारातील काळाबोळ सकोत्र्याचा आहे असे आज गृहीत धरता येत नाही. तो कोरफडीचा असेल अथवा आफ्रिकेतील अन्य जातीचाही असेल. जुना 'सकोतरी' शब्द आता गाव नव्हे, केवळ प्रत दर्शवितो.

हिरादखण : रक्त, हिंगुळ व दोन भाऊ

सकोत्र्याचा सर्वांत विलक्षण वृक्ष म्हणजे 'ड्रॅसिना सिनाबारी'. उलटलेल्या छत्रीसारखा याचा आकार असतो. प्रत्येक फांदीस दोन-दोन फाटे फुटत जाऊन वर पानांचा दाट घुमट तयार होतो. पठारावरील धुके पानांवर निवते, त्याचे थेंब खोडावाटे मुळांशी उतरतात, आणि घुमटाच्या सावलीत ओल टिकते. हा एकदल वनस्पतींपैकी असल्याने याच्या खोडात वार्षिक वलये नसतात. वाढ अतिशय मंद असते. खोडास छेद दिल्यावर लाल निर्यास स्रवतो. हाच मूळचा हिरादखण अथवा खूनखराबा.

अरबी भाषेत त्यास 'दम्-अल्-अखवैन' म्हणजे दोन भावांचे रक्त म्हणतात. या द्वीपसमूहातील दर्सा व समहा या दोन लहान बेटांनाही 'भाऊ' म्हणूनच ओळखले जाते. रोमन लेखक प्लिनी याने मात्र हे द्रव्य हत्ती व महासर्प यांच्या झुंजीत सांडलेले रक्त असल्याची कथा दिली. तेथील लोक ते रक्तस्राव, व्रण व अतिसारावर वापरीत आले आहेत. आपल्या परिभाषेत कषाय व स्तंभन असे हे कर्म होय.

प्लिनीच्याच लेखनात वैद्यांसाठी एक गंभीर इशारा आहे. ग्रीक व लॅटिन भाषांत हा निर्यास आणि खनिज हिंगुळ या दोन्हींसाठी एकच शब्द रूढ झाला होता. पेरिप्लसमध्येही वृक्षातून थेंबथेंब गोळा होणाऱ्या या द्रव्यास 'भारतीय' हिंगुळ म्हटले आहे. परिणामी काही वैद्य निर्यासाऐवजी पारदयुक्त खनिज देऊ लागले, आणि ते विष आहे अशी तक्रार प्लिनीने नोंदविली. माझ्या 'बोळ' या चिठ्ठीचीच ही दोन हजार वर्षांपूर्वीची आवृत्ती म्हणावयास हरकत नाही.

आजही हिरादखण या एका नावाखाली अनेक द्रव्ये जगाच्या बाजारात आहेत. सुमात्रा व बोर्निओतील वेताच्या फळांवरील निर्यास, कॅनरी बेटांवरील व चीनमधील ड्रॅसिनाच्या अन्य जाती, दक्षिण अमेरिकेतील क्रोटॉनचा लाल रस, हे सर्व त्यात येतात. दिसण्यात साम्य असल्याने बिबळ्याचा अथवा पळसाचा लाल गोंदही त्यात मिसळू शकतो.

काही आप्त वनस्पती

वैद्याच्या दृष्टीने या बेटावर आणखी काही ओळखीचे चेहरे भेटतात. दाडिमाच्या कुळात दोनच जाती आहेत. एक आपले डाळिंब आणि दुसरी केवळ सकोत्र्यात वाढणारी 'प्युनिका प्रोटोप्युनिका'. तिचे फळ लहान व कमी गोड असते. कूष्मांड, पटोल, कारवेल्लक असे वेल ज्या कुळात येतात, त्या कुळातील एकमेव वृक्षही येथेच आहे. त्याचे फुगीर खोड पाणी साठविते आणि दुष्काळात लोक ते तोडून जनावरांस चारतात. शल्लकीच्या म्हणजे आपल्या सालईच्या कुलातील सुमारे दोन डझन जातींपैकी दहाहून अधिक या एका बेटावर आहेत. गुग्गुळाचेही अनेक आप्त येथे आढळतात. शोभेच्या कुंडीत 'पर्शियन व्हायोलेट' म्हणून विकले जाणारे निळे फूलही किराततिक्ताच्या कुळातील सकोत्र्याचीच वनस्पती आहे. तिचा पर्शियाशी संबंध नाही आणि व्हायोलेटशीही नाही.

बालवृक्ष नसलेले वन

हे सारे वैभव टिकणार किती काळ, हा प्रश्न आहे. फिर्मिहिन येथील हिरादखणाचे वन पाहणाऱ्यास भव्य वृक्ष दिसतात. पण त्यांच्या पायथ्याशी रोपे दिसत नाहीत. उगवलेले कोवळे अंकुर शेळ्या खाऊन टाकतात. धुक्याचे प्रमाण घटल्यास उगवणही कठीण होते. पूर्वी लोक ठरावीक भागात ठरावीक काळच गुरे चारीत. ती शिस्त सैल झाली आहे. हवामानबदलामुळे या वृक्षास अनुकूल असा प्रदेश २०८० पर्यंत ४५ टक्क्यांनी घटेल, असे अनुमान २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केले होते. त्यानंतर नोव्हेंबर २०१५ मध्ये एका आठवड्याच्या आत 'चपला' व 'मेघ' ही दोन चक्रीवादळे आणि मे २०१८ मध्ये 'मेकुनू' हे वादळ बेटावर आदळले. शेकडो वर्षे उभे असलेले असंख्य वृक्ष त्यांत उन्मळून पडले. कुंपण घालून रोपवाटिका चालविण्याचे प्रयत्न तेथील काही कुटुंबांनी हाती घेतले आहेत. पण मंद वाढणाऱ्या वृक्षाची हानी एका पिढीत भरून येत नाही.

आपल्या सातपुड्यातील सालईच्या वनांची व राजस्थान-गुजरातेतील गुग्गुळाची स्थिती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. निर्यासासाठी केलेला अविवेकी छेद झाडाचे आयुष्य घेतो.

व्यवहारात काय करावे?

या विवेचनातून वैद्य व औषधविक्रेते यांनी पुढील गोष्टी लक्षात घ्याव्यात, अशी नम्र सूचना आहे.

१. चिठ्ठीवर 'बोळ' एवढेच कधीही लिहू नये. 'हिराबोळ' अथवा 'काळाबोळ' असे पूर्ण नाव लिहावे. विक्रेत्याने अपूर्ण नाव आल्यास पुडी बांधण्यापूर्वी वैद्यास विचारावे. गर्भिणी व स्तनदा मातांमध्ये काळाबोळ टाळावा.

२. हिराबोळ पाण्याबरोबर खलल्यास पिवळसर दुधाळ द्रव होतो व सुगंध येतो. काळाबोळ उकळत्या पाण्यात जवळजवळ पूर्ण विरघळतो आणि द्रव निवल्यावर राळ खाली बसते. त्याच्या पातळ द्रावात टंकण घालून तापविल्यास व ते अधिक पाण्यात ओतल्यास हिरवट झळाळी दिसते. टंकण प्रत्येकाच्या औषधालयात असतेच.

३. हिरादखणाची पूड पाण्यात विरघळत नाही, मद्यार्कात विरघळून लाल रंग देते. बिबळ्याचा गोंद गरम पाण्यात बहुतांशी विरघळतो. या परीक्षेने मिसळ ध्यानात येते. मात्र कोणत्या वृक्षाचा निर्यास आहे, हे ठरविण्यास प्रयोगशाळेचीच मदत घ्यावी लागते.

४. खरेदीच्या नोंदवहीत द्रव्याच्या नावापुढे वनस्पतीचे शास्त्रीय नाव व उत्पत्तिस्थान यांसाठी एक-एक रकाना ठेवावा. पुरवठादारास माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. अंदाजाने भरू नये.

५. कोरफड वगळता ॲलो वर्गातील सर्व जाती वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात. आयात माल घेताना कागदपत्रे पाहावीत.

बाजारातील नाव हे द्रव्याच्या प्रवासाचा इतिहास सांगते, त्याच्या ओळखीचा पुरावा देत नाही. 'सकोतरी' या एका शब्दात समुद्र, वारे, भडोचचे नाविक, अरब व्यापारी आणि गोव्यातील मुद्रणालय सामावले आहे. तो जपावा. पण रुग्णाच्या हाती पुडी देताना त्यावर विसंबू नये.

त्या दुकानाच्या फळीवरील डबे आजही आहेत. दोन्हींवर आता पूर्ण नावे आहेत, आणि ते एकमेकांशेजारी ठेवलेले नाहीत.